जुन्या खेळण्याला नवं रूप देताना काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमच्या सासऱ्यांनी केलेला चाकांवरचा लाकडी बैल, पांगुळगाडा आणि लाकडी भातुकली घरात आहे. तीच खेळणी आजच्या घरात शोभतील अशी नव्यानं करून तुम्हाला कोल्हापुरातून विकायची आहेत. बैलाचे दोन नमुने करून झाले: गोल मोठे डोळे, आखूड तोंड, फिकट गुलाबी आणि पुदिन्याचा रंग. बघणारे "छान आहे" म्हणतात आणि पाठोपाठ "वासरू आहे का?" असं विचारतात. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. किती बदल चालतो, काम कुठून करून घ्यावं, आणि खप वाढावा म्हणून टीव्हीवरच्या एखाद्या पात्राचा चेहरा द्यावा का.

खरी अडचण रंगाची किंवा डोळ्यांची नाही. खेळण्याची ओळख कशात असते, हे ठरवायच्या आधीच बदल सुरू झाला, तिथं गाडी अडली. माझा अनुभव असा की जुन्या खेळण्याची ओळख तीन ठिकाणी असते: लांबून दिसणारी बाह्याकृती, त्याची हालचाल (आवाज त्यातच आला), आणि मूल त्याच्याशी हातानं नेमकं काय करतं ते. रंग, डोळे, नक्षी, लाकडाची जात हे सगळं नंतर येतं. पहिल्या तिन्हीला धक्का लावला नाही तर बाकी जवळपास सगळं बदलता येतं.

जगभरातली मोठी उदाहरणं हेच सांगतात. 1928 सालचा मिकी माउस बघा. डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके, अंग दोरीसारखं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस फ्रेड मूर या चित्रकारानं त्याला बुबुळं दिली आणि अंग नासपतीच्या आकाराचं केलं. म्हणजे बदल मोठाच होता. पण डोक्याचा एक गोल आणि कानांचे दोन, ही सावली तशीच ठेवली, त्यामुळे तो मिकीच राहिला. उलट उदाहरण सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्राचं. चित्रपटासाठी त्याला माणसासारखे दात, लहान, एकमेकांपासून सुटे डोळे आणि लांब पाय दिले. 2019 च्या एप्रिलमध्ये झलक आली आणि चाहत्यांनी ते रूप साफ नाकारलं. पात्र पुन्हा काढावं लागलं आणि प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून फेब्रुवारी 2020 वर गेलं. कारागिरी उत्तम होती, फक्त बदल चुकीच्या जागी झाला होता.

खेळण्यांतलं मला सर्वांत उपयोगी वाटणारं उदाहरण म्हणजे मिस्टर पोटॅटो हेड. 1952 साली त्या डब्यात फक्त नाक, कान, डोळे, टोपी असायचे आणि ते खऱ्या बटाट्यात टोचायचे. टोचायचं म्हणजे टोकं अणकुचीदार हवीत, आणि ती मुलांच्या हातात धोक्याची. 1964 साली प्लॅस्टिकचा भोकं असलेला बटाटाच डब्यात आला आणि टोकं बोथट करता आली. खेळण्याचं अर्धं अंग बदललं, पण "नाकाच्या जागी कान लाव" ही गंमत जशीच्या तशी राहिली. आपल्यालाही नेमकं हेच करायचंय. धोका काढायचा, गंमत ठेवायची.

आता तुमच्या बैलाकडे येऊ. मोठे डोळे, मोठं कपाळ आणि आखूड तोंड ही बाळाची लक्षणं आहेत. कुठल्याही प्राण्याला ती दिली की तो गोंडस होतो, आणि त्याच क्षणी त्याचं पिल्लू होतं. टेडी अस्वलाचं तोंडही जुन्या नमुन्यांपासून पुढं असंच आखूड होत गेलेलं आहे. तिथं ते खपलं, कारण टेडी हा कुशीत घ्यायचा असतो. आपला बैल कुशीत घ्यायचा नाही, तो ओढायचा, मिरवायचा. बेंदराला कुंभाराकडून मातीची जोडी आणून पूजणाऱ्या घरातलं मूल बैल नीट ओळखतं. त्यातून आपल्याकडचा बैल म्हणजे खिलार: लांब निमुळतं तोंड, मागं झुकून वर गेलेली लांब शिंगं, ठसठशीत वशिंड, गळ्याखाली थोडी लोंबती कातडी. या चारांपैकी शिंगं आणि वशिंड सोडलीत तर काही उरत नाही. तोंड थोडं आखूड चालेल, पण डोक्याच्या लांबीत कपाळ एक भाग आणि डोळ्याखालचं तोंड निदान दीड भाग ठेवा. तुमच्या फोटोत ते जवळजवळ अर्धं-अर्धं दिसतंय, म्हणून वासरू.

तपासायची सोपी रीत आहे. नमुन्याची बाजूची आकृती काळ्या कागदात कापा, पांढऱ्या भिंतीवर लावा आणि पाच-सहा फुटांवरून घरातल्या नसलेल्या माणसांना "हे काय?" एवढंच विचारा. "बैल" असं उत्तर लगेच आलं पाहिजे. "गाय, बकरी, हरीण" आलं तर रंगकामाला हात लावू नका, आकृतीवर परत या. पुठ्ठ्यावर दहा आकृत्या कापायला एक संध्याकाळ लागते, लाकडात दुसरा नमुना करायला आठवडा.

शिंगं हा सगळ्यात अवघड भाग. खिलारी शिंग खरं दाखवायचं तर टोकदार हवं, आणि लहान मुलाच्या खेळण्यात टोक चालत नाही. बहुतेक जण इथं शिंगं आखूड आणि गोलमटोल करून टाकतात आणि बैल गमावतात. त्यापेक्षा आपल्याच रिवाजात उत्तर आहे: शेंब्या. सजवलेल्या बैलाच्या शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या घालतात ना, तोच आकार लाकडात काढा. बाजूच्या आकृतीत शिंगाच्या टोकाशी 16 मिमी व्यासाचा गोल, त्याच्या खाली 10 मिमी जाडीचं शिंग. टोक आपोआप बोथट होतं, शिंगाची लांबी टिकते, आणि बघणाऱ्याला ते सजलेल्या बैलासारखंच दिसतं. शेंबीला पिवळा रंग दिला की काम झालं. शेंबी वेगळी करून चिकटवू मात्र नका, ती शिंगातूनच निघाली पाहिजे. चिकटवलेला 16 मिमीचा गोळा निघाला तर थेट मुलाच्या घशात.

शिंग मोडण्याचं कारण रेषा. एका सलग फळीतून वळणदार शिंग कापलं की वळणाच्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि पहिल्या पडण्यातच तिथून तुकडा उडतो. म्हणून डोकं, मान आणि शिंगं मिळून एकच तुकडा 12 मिमीच्या चांगल्या बर्च प्लायमधून कापा. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यानं आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना ताकद जवळपास सारखी मिळते. साधा कमर्शियल प्लाय घेऊ नका, त्याच्या कडेला पोकळ्या निघतात आणि चिरफळ्या उडतात. दोन्ही शिंगं एकाच पातळीत येतात, म्हणजे बाजूनं बघताना एकामागं एक. मातीच्या बैलासारखी फाकलेली दिसत नाहीत, पण सावलीत खिलार पक्का उतरतो.

अंग तीन थरांचं करा. बाहेरचे दोन थर शिवणीच्या 18 मिमी फळीचे, पायांसकट. मधला थर फक्त मागच्या अर्ध्यात, 14 मिमी जाड. पुढच्या अर्ध्यात मध्ये 14 मिमीची फट राहते, त्यात 12 मिमीची मान दोन्ही बाजूंना 1 मिमी सुटी राहून हलते. मानेची पिन वशिंडाच्या खाली येऊ द्या. मानेच्या तुकड्याची एक जीभ पुढच्या पायांमधून खाली आसापर्यंत उतरवा. आसावर 30 मिमी व्यासाची, 10 मिमी जाडीची चकती बसवा, पण तिचं भोक मध्यापासून 4 मिमी बाजूला घ्या. चाक फिरलं की चकती जिभेला 8 मिमी वर ढकलते आणि पुढं सोडते, डोकं स्वतःच्या वजनानं खाली येतं. जीभ पिनीपासून आडवी 40 मिमी पुढं असेल तर मान साधारण 11 अंश हलते. बैलाला तेवढं पुरे. यात जिभेची जागा महत्त्वाची आहे. ती पिनीच्या मागं घेतली तर डोकं खाली पडताना जीभ चकतीपासून वर उचलली जाते आणि यंत्रणा चालतच नाही.

आणि इथं हालचालीची लय आली, जिच्यावर माझा सर्वाधिक जोर आहे. दीड-दोन वर्षांचं मूल खेळणं ओढत साधारण सेकंदाला अर्धा मीटर चालतं. चाक 45 मिमीचं घेतलं तर त्याचा परीघ 14 सेंमी, म्हणजे सेकंदाला साडेतीन वेळा मान हलणार. ती सुतारपक्ष्याची चाल झाली, बैलाची नाही. 72 मिमीचं चाक घेतलं की परीघ साडेबावीस सेंमीच्या आसपास येतो आणि मान सेकंदाला दोनदा डुलते. चाक मोठं दिसतं हे खरं, पण बैल चालतो तसं चालल्यासारखं वाटतं. तुमच्या सासऱ्यांच्या जुन्या बैलाचं चाक मोजून बघा, तेही असंच ऐसपैस निघेल असा माझा अंदाज आहे.

या यंत्रणेत नेहमी बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, गुळगुळीत फरशीवर चाक फिरायच्या ऐवजी घसरतं आणि मान थांबते. पुढच्या दोन चाकांच्या कडेला 3 मिमीची खाच मारून त्यात रबरी ओ-रिंग ताणून बसवा आणि चिकटवा. दुसरं, पावसाळा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा लाकूड शोषतं, आस फुगतो, भोकात आवळला जातो आणि फेब्रुवारीत मस्त फिरणारा बैल श्रावणात अडकतो. 8 मिमीच्या आसाला 9 मिमीचं भोक ठेवा, आणि लाकूड 10 ते 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलंच घ्या. ओलावा मोजायचं लहान यंत्र मिळतं, ते घ्याच. आस अंगात सैल फिरतो, पण चाकं आणि चकती आसावर घट्ट हवीत, गोंद आणि आरपार बारीक लाकडी खुंटी दोन्ही लावून. तिसरं, दोरीची जागा. दोरी मानेला बांधली की मूल वर खेचतं, पुढची चाकं उचलली जातात. दोरी छातीशी, आसाच्या उंचीला बांधा.

बोट अडकणं हा वेगळा विषय आहे, पण विसरू नये असा. हलत्या दोन भागांमधली फट एकतर 5 मिमीपेक्षा कमी हवी किंवा 12 मिमीपेक्षा जास्त. मधल्या मापात लहान बोट जातं आणि अडकतं. मान आणि वशिंड यांच्यामध्ये नेमकी तीच फट तयार होते. मान पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही स्थितींत ड्रिलच्या 5 आणि 12 मिमीच्या बिटांच्या दांड्यांनी तपासा. 5 चा दांडा जात असेल तर 12 चाही गेला पाहिजे.

कानांसाठी कातडं हवंय असं तुम्ही लिहिलंय, कल्पना चांगली आहे. कोल्हापुरी चपलेचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं घ्या, रंग न दिलेलं, अडीच-तीन मिमी जाडीचं. डोक्यात आरपार खाच पाडून एकच पट्टी दोन्हीकडून बाहेर काढली तर दोन कान एकाच तुकड्याचे होतात, आणि मधून खुंटी मारली की सुटत नाहीत. मग स्प्रिंगचा काटा अडकवून सात किलोपर्यंत ओढा आणि दहा सेकंद धरा. निघाला तर रचना बदला, गोंद वाढवून भागत नाही. घुंगरांचा मोह मात्र आवरा, लहान घुंगरू सुटून तोंडात जातं. आवाज हवाच असेल तर मागच्या आसावर चार दाते असलेली लाकडी चकती आणि तिच्यावर टेकलेली बांबूची पट्टी लावा. जत्रेतल्या ओढायच्या टमटम गाडीत मातीच्या ढोलकीवर काड्या आपटतात, तत्त्व तेच. टकटक आवाज येतो आणि सुटं काहीच नाही.

हे सगळं मोजायला एक माप पाठ ठेवा: 31.7 मिमी व्यासाचं नळकांडं, तळ तिरका, खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिमी. खेळण्याचा किंवा त्यापासून तुटलेला कुठलाही तुकडा यात पूर्ण मावला तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी तो बाद. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही लेथवर हे नळकांडं करून मिळेल. आणि "3 वर्षांवरील" अशी चिठ्ठी लावून सुटका होत नाही. ओढायचं खेळणं हे स्वभावतःच लहान मुलाचं, तपासणारेही तसंच धरतात. दोरी 22 सेंमीपेक्षा लांब असेल तर तिच्या टोकाला मणी किंवा ज्यानं फास बसेल असं काही लावू नका. आमच्याकडे ओढायचं खेळणं दीड वर्षाच्या पुढच्याच मुलासाठी धरतो.

रंगाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं चांगली माणसंही चुकतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत असावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण तो घरगुती रंगांनाच आहे. उद्यमनगराच्या दुकानांत यंत्रांना मारायचा जो इनॅमल मिळतो तो औद्योगिक रंग, त्याला हा नियम लागत नाही. पिवळा, नारिंगी आणि त्यांच्यापासून केलेला हिरवा यांत शिशाचा क्रोमेट असण्याची शक्यता सर्वांत जास्त. शेंबीला तोच झळझळीत पिवळा मारायचा मोह होणार, म्हणून मुद्दाम सांगतोय. खेळण्यांसाठी म्हणून तपासलेला पाण्यावरचा रंग घ्या आणि त्या बॅचचा अहवाल मागून ठेवा. खाण्याचा रंग सुरक्षित म्हणून वापरतात, पण तो लाळेत विरघळतो आणि मुलाच्या ओठांना, कपड्यांना लागतो. चाकं लेथवर होतात, तिथं सावंतवाडीसारखी लाख चढवता येते: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते. सपाट अंगावर ते जमत नाही.

अंगाला रंगाऐवजी तेल-मेण द्यायचं असेल तर कच्चं जवसाचं तेल चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" तेल नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. कच्चं तेल सुकायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेलाआधी 120, मग 180 नंबरचा कागद मारा, ओल्या फडक्यानं पुसून लाकडाचे तंतू उभे राहू द्या, वाळल्यावर 240 मारा. हे ओलं करणं टाळलं तर मुलानं दोनदा चाटलं की अंग खरखरीत होतं.

पांगुळगाड्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं रूपापेक्षा तोल महत्त्वाचा. मूल उभं राहताना दांडी खाली आणि स्वतःकडे ओढतं. दांडी मागच्या आसाच्या मागं आली की गाडा उलटा मुलाच्या अंगावर येतो. म्हणून मागचा आस दांडीच्या बरोबर खाली किंवा दोन-तीन सेंमी मागंच हवा. दांडीची उंची 42 ते 45 सेंमी. जुन्या गाड्याला पुढं एकच चाक असतं, वळताना तो कलंडतो. चार चाकं केल्यानं ओळख जात नाही, कारण पांगुळगाड्याची ओळख उभ्या चौकटीत आणि ढकलण्यात आहे. फरशीवर गाडा मुलाच्या पुढं पळू नये म्हणून मागच्या चाकांवर फेल्टची चकती घालून नटानं कमी-जास्त आवळता येईल अशी सोय ठेवा. भोवऱ्याला तर जवळजवळ हातच लावू नका. लाकडाची घडण आणि जाळी तीच, फक्त अणकुचीदार आरीच्या जागी गोल टोकाची पोलादी आर, आणि तो आठ वर्षांच्या पुढच्यांना.

भातुकलीत चूल काढून गॅसची शेगडी आणि पाट्याच्या जागी मिक्सर करावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पुढं येणारच. करा, मूल घरात जे बघतं तेच खेळतं. फक्त दोन गोष्टी पाळा. एक, खेळणं काम करणारं हवं. जातं खरंच फिरतं, कळशीतून खरंच पाणी ओततं, म्हणून भातुकली खेळवते. शेगडीचं बटण फिरताना टक्कन थांबलं पाहिजे, कुकरचं झाकण बसलं पाहिजे. दुसरी, प्रमाण एकच. खरी परात 36 सेंमीची धरली आणि एक षष्ठांश ठरवलं तर परात 6 सेंमी, 27 सेंमीचा तवा साडेचार सेंमी. मिक्सर याच मापात हवा, दिसायला छान म्हणून मोठा नको, नाहीतर सासऱ्यांची जुनी भांडी त्याच्याशी खेळता येत नाहीत. बार्बीला 2016 मध्ये उंच, ठेंगणी आणि भरलेली अशा तीन नव्या बांध्यांत आणलं तेव्हा जुने कपडे सगळ्यांना बसेनासे झाले. याउलट 1958 नंतरची लेगोची वीट आजच्या विटेत बसते, आणि घरातला जुना डबा नव्या खरेदीला मदत करतो. एक षष्ठांशाचा तोटाही सांगतो: वरवंटा साडेचार सेंमीचा होतो आणि वरच्या नळकांड्यात पूर्ण जातो. त्यामुळे हा संच तीन वर्षांच्या पुढच्यांनाच. लहानांसाठी वेगळा संच एक चतुर्थांशात करा, वरवंटा 7 सेंमीचा होतो आणि मावत नाही.

काम करून घ्यायला कोल्हापूरइतक्या सोयीच्या जागा कमी आहेत. आपल्याकडे फाउंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात दशांश मिलिमीटरचा. शिवाजी उद्यमनगरात विचारत गेलात तर पाच-सहा तरी भेटतील, काहींकडे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं यंत्रही आहे. पण त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा: श्रिंकेज धरू नका, ड्राफ्ट देऊ नका. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आखडतं, म्हणून पॅटर्नवाले सवयीनं तेवढी भर घालून मापं घेतात आणि साचातून निघावं म्हणून उभ्या कडा किंचित तिरक्या ठेवतात. 72 चं चाक 72.7 चं आलं, भोकाची कड तिरकी आली, की पंचवीस बैलांचे आस बसत नाहीत आणि चूक कुठं झाली ते कुणालाच कळत नाही. ड्रॉइंगवर "हे अंतिम माप" असं मोठ्या अक्षरांत लिहा. आधी एक, मग तीन, मग पंचवीस नग. तीनपैकी एक नग तोडण्यासाठीच ठेवा: टाइल्सवर 90 सेंमीवरून चार-पाच वेळा वेगवेगळ्या बाजूंनी टाका आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नळकांड्यात घालून बघा.

टीव्हीवरच्या पात्राच्या चेहऱ्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट "नको" आहे. छोटा भीम काय किंवा मिकी काय, चेहरा परवान्याशिवाय छापणं कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्हींचा भंग. "आम्ही थोडा बदल केलाय" हे चालत नाही. परवाना मिळाला तरी बैलाची ओळख त्या चेहऱ्याखाली जाते. त्यापेक्षा स्वतःच्या बैलाची आकृती नोंदवा. डिझाइन्स कायदा, 2000 खाली 10 वर्षं संरक्षण मिळतं, पुढं 5 वर्षं वाढवता येतं. अट अशी की अर्जाआधी ती आकृती जाहीर झालेली नसावी, म्हणजे इन्स्टाग्रामवर फोटो नंतर. आणि नोंदणी न करता 50 पेक्षा जास्त नग काढले तर त्या आकृतीवरचा कॉपीराइटही जातो. पारंपरिक बैल सगळ्यांचाच आहे. तुमची असेल ती शेंबीच्या घडणीसकट ही विशिष्ट आकृती.

शेवटी बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं, मानक आयएस 9873. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरानं स्वतः केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना सूट आहे. तुमच्या बाबतीत काय लागू होईल हे तुम्ही कसं काम करता त्यावर ठरेल. सासरे नोंदणीकृत कारागीर म्हणून घरी करून विकणार असतील तर सुटीचा रस्ता दिसतो. उद्यमनगरातून भाग कापून घेऊन तुमच्या नावाच्या डब्यात विकणार असाल तर ती सूट धरून चालू नका, परवान्याचा खर्च आधीच किमतीत घ्या. हे बीआयएसच्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पंचवीसच्या पुढची ऑर्डर देऊ नका.

पुढच्या वेळी बैलाचा फोटो मला खासगीत पाठवाल तेव्हा बाजूनं, उजेड मागून येईल असा काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. शिंगाचं वळण आणि तोंडाची लांबी त्यावरून सांगता येईल. आणि जुन्या बैलाच्या चाकाचं माप जरूर कळवा.